आधी नियम सांगा, मग क्रमांक लावा: सार्वकालिक याद्या करणाऱ्यांना खुले पत्र

सार्वकालिक श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांच्या याद्या लावणारे समस्त क्रीडा-पत्रकार, समालोचक आणि व्हिडिओवाले यांस,

स.न.वि.वि.

वर्षातून चार-दोनदा तरी तुमच्यापैकी कुणीतरी हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या, जगज्जेत्यांची यादी काढतं. पहिला नंबर मुहम्मद अलीचा की जो लुईसचा, एवढ्यावर हाणामारी होते. जॉन एल. सलिव्हन, जेम्स कॉर्बेट, बॉब फिट्झसिमन्स, जिम जेफ्रीज ही सुरुवातीची मंडळी यादीत नसतातच, आणि असली तर तळाशी, मान राखण्यापुरती. खाली कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं: 'आजच्या उसिकने यांना दोन फेऱ्यांत झोपवलं असतं.' त्यावर दुसरा कुणी जुन्या काळाचा अभिमानी उसळतो: 'हे लोक ७५ फेऱ्या लढायचे, तुमचे बारा फेऱ्यांत दमतात!'

दोघांशीही माझं भांडण नाही. भांडण तुमच्याशी आहे. ही काल्पनिक लढत तुम्ही लावता खरी, पण ती कोणत्या नियमांनी व्हायची हे कधीच सांगत नाही.

त्या ७५ फेऱ्यांचंच घ्या. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातल्या रिचबर्गला सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात उघड्या मुठींची शेवटची हेवीवेट किताबी लढत झाली. असल्या लढती बेकायदा होत्या, म्हणून जागा शेवटपर्यंत गुप्त ठेवलेली. प्रेक्षक न्यू ऑर्लिन्सहून रेल्वेने आणलेले. भर उन्हात लढत चालली, ४४व्या फेरीत सलिव्हनला उलट्या झाल्या, आणि अखेर ७५व्या फेरीनंतर किलरेनच्या माणसांनी हार मानली. हे सगळं खरं आहे. पण लंडन प्राइझ रिंगच्या, म्हणजे उघड्या मुठींच्या जुन्या लढतींच्या, नियमांत फेरी तीन मिनिटांची नसे. माणूस खाली पडला की फेरी संपली. मग तो ठोशाने पडो, ढकलल्याने पडो की कमरेला धरून आपटल्याने पडो. नंतर अर्ध्या मिनिटाची विश्रांती आणि त्यापुढच्या आठ सेकंदांत रिंगणाच्या मध्यावर ओढलेल्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. जो आला नाही तो हरला. रिचबर्गची लढत दोन तास सोळा मिनिटं चालली. भागाकार करून पाहा, विश्रांती धरूनही एका फेरीच्या वाट्याला पुरती दोन मिनिटं येत नाहीत. असं असताना '७५ फेऱ्या' आणि '१२ फेऱ्या' हे आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी छापणारा माणूस वाचकाला फसवतो, मग तो जुन्यांच्या बाजूचा असो की नव्यांच्या.

जुन्या छायाचित्रांतल्या त्या पवित्र्याला तुम्ही हसता, तेही याच मुळे. हात खाली, मुठी पुढे, धड मागे कललेलं. आजच्या डोळ्यांना ते हास्यास्पद दिसतं. पण समोरचा कधीही अंगाला भिडून आपटणार असेल तर तुम्हीही धड मागेच ठेवाल. आणि उघड्या मुठीने कवटीवर बेभान ठोसे मारले तर आधी आपलीच बोटं मोडतात, त्यामुळे डोक्यावर असा वर्षाव होतच नसे. दोन्ही हात गालांना चिकटवून उभं राहण्याची निकड ग्लोव्ह्जनी आणली.

कुस्ती पाहिलेल्या मराठी माणसाला खरं तर हे समजावून सांगावं लागू नये. निकाली कुस्तीत तासभर एकमेकांना तोलणारा मल्ल आणि सहा मिनिटांत गुण गोळा करणारा मल्ल यांच्यात 'भारी कोण' असं विचारलं, तर आखाड्यातला कुणीही जाणकार आधी 'मातीत की गादीवर?' असं विचारतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा गादी आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक घेतलं. बाकीची कारणं असतीलच, पण मातीतला डाव गादीवर जसाच्या तसा चालत नाही हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग बॉक्सिंगची यादी लावताना ते शहाणपण कुठे जातं?

दोन युगांची खरीखुरी गाठ पडल्याचा एक पुरावा आहे, त्याकडे तरी पाहा. ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सलिव्हन कॉर्बेटशी लढला तो क्वीन्सबेरी नियमांनी: हातात ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पकडापकडी बंद, पडल्यावर दहा अंक. हे नियम १८६७ मध्येच छापून आले होते, आणि सलिव्हनला ते नवखेही नव्हते. ग्लोव्ह्ज घालून तो भरपूर लढला होता. तरी कॉर्बेटने पायांच्या हालचालींनी त्याला दमवलं आणि २१व्या फेरीत पाडलं. आता यातून 'नवं जुन्याला हरवतं' असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. पण सलिव्हन तेव्हा चौतिशीला टेकला होता आणि किताब पणाला लावून तीन वर्षांत लढला नव्हता. रिचबर्गच्या नियमांनी, कॉर्बेटला कमरेला धरून आपटायची मुभा असती तर काय झालं असतं? सांगता येत नाही. तुम्ही मात्र सांगता.

आता अलीकडे या. इथे तुमच्या याद्यांचा पायाच हलतो, आणि हे कुणी फारसं बोलत नाही.

रॉकी मार्सियानोचा ४९ लढती, ४९ विजय हा आकडा तुमच्या प्रत्येक यादीत सोन्याच्या अक्षरांत असतो. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात त्याने जर्सी जो वॉलकॉटला पाडून किताब जिंकला. कितव्या फेरीत? पंधरा फेऱ्यांच्या लढतीत तेराव्या. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. आजच्या बारा फेऱ्यांच्या नियमाने त्या रात्री मार्सियानो हरला, किताब वॉलकॉटकडेच राहिला आणि ४९-० हा आकडा जन्मालाच आला नाही.

जो लुईसने किताब २५ वेळा राखला, हा दुसरा पवित्र आकडा. १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन त्याच्यासमोर होता. वजनाने कितीतरी हलका, पण चपळ. बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांकडे कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत कॉनला नॉकआउटचा मोह झाला आणि लुईसने त्याला आडवं केलं. बारा फेऱ्यांची लढत असती तर जगज्जेता कॉन. हलक्या वजनगटातही तेच: १९८१ मध्ये लास व्हेगासला शुगर रे लेनर्डने टॉमी हर्न्सला थांबवलं ते चौदाव्या फेरीत, गुणांवर मागे असताना.

पंधराच्या बारा फेऱ्या का झाल्या, हेही आठवून पाहा. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम दुक-कू पुन्हा शुद्धीवर आला नाही. त्याच्या मृत्यूनंतर जागतिक बॉक्सिंग कौन्सिलने फेऱ्या बारावर आणल्या आणि बाकीच्या संघटना त्या दशकात मागोमाग आल्या. निर्णय योग्यच होता, माझं त्याबद्दल एका अक्षराचं म्हणणं नाही. पण त्या दिवसापासून 'जगज्जेता' होण्याची परीक्षा बदलली. शेवटच्या तीन फेऱ्यांत, पाय जड झाल्यावर जो जिंकतो, अशा माणसाचं बाजारमूल्य उतरलं, आणि पहिल्यापासून गुण जमवणाऱ्याचं वाढलं. आधीची आणि नंतरची गुणपत्रिका एकच समजून तुम्ही नंबर लावता.

एकाच माणसाच्या कारकिर्दीत नियम बदलला तर काय होतं, हे जॅक डेम्प्सीला विचारा. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोला तेव्हाच्या जगज्जेत्या जेस विलर्डला त्याने पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. विलर्ड उठू लागला की डेम्प्सी शेजारीच उभा. गुडघा जमिनीवरून सुटला की पुढचा ठोसा. तेव्हा ते चालत होतं. २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत जीन टनीला सातव्या फेरीत पाडल्यावर तो सवयीने तसाच शेजारी उभा राहिला. आता नियम होता की पाडणाऱ्याने आधी तटस्थ कोपऱ्यात जायचं, मग अंक सुरू. तो जाईपर्यंत रेफरीने मोजायला सुरुवात केली नाही. टनी 'नऊ'ला उठला, पण प्रत्यक्षात तो सुमारे चौदा सेकंद खाली होता. पुढे गुणांवर टनी जिंकला. टनी आधीही उठला असता असं मानणारे आहेत, मलाही तसंच वाटतं. पण टोलेडोच्या नियमांत उठून उपयोग काय होता?

हे झाले कागदावरचे नियम. सुरुवातीच्या जगज्जेत्यांबद्दल माझी मोठी तक्रार न लिहिलेल्या नियमाबद्दल आहे, आणि इथे जुन्या काळाचे अभिमानी गप्प बसतात.

सलिव्हनने कृष्णवर्णीयाशी लढणार नाही असं जाहीरच केलं होतं. त्याच्या काळात पीटर जॅक्सन नावाचा, कॅरिबियन बेटांत जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात घडलेला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा होता. मे १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॉर्बेट आणि जॅक्सन ६१ फेऱ्या लढले आणि शेवटी लढत अनिर्णित सोडून द्यावी लागली. पुढच्या वर्षी सलिव्हनशी किताबी लढत मिळाली ती कॉर्बेटला. जॅक्सनला कधीच मिळाली नाही. जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झाला, तोवर कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनला त्याने दारात उभं केलं नाही. जॉन्सन शेवटी तेव्हाचा जगज्जेता टॉमी बर्न्स याच्या मागे ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवेपर्यंत त्याला बदडून किताब घेतला. मग गोऱ्यांची लाज राखायला निवृत्त जेफ्रीजला शंभरेक पौंड वजन उतरवून परत आणलं गेलं. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवलं आणि त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली पेटल्या.

इथवर गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग तुमच्या यादीत बसत नाही, म्हणून तो गळतो. जगज्जेता झाल्यावर जॉन्सननेही कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. १९०६ मध्ये त्याने लँगफर्डला हरवलं होतं, तेव्हा लँगफर्ड अंगाने बराच लहान होता; नंतर तो भरला आणि धोकादायक झाला. जॉन्सनने किताबासाठी एकाच कृष्णवर्णीय आव्हानवीराला समोर घेतलं, १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सनला, आणि ती लढत बरोबरीत सुटली. पैसा गोऱ्या आव्हानवीरांत होता, हे त्यामागचं सरळ गणित.

लँगफर्ड कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा. उंची जेमतेम पाच फूट सात-साडेसात इंच. १९०३ मध्ये त्याने लाइटवेट जगज्जेता जो गॅन्सला किताब पणाला नसलेल्या लढतीत हरवलं होतं, आणि नंतरची पंधरा-वीस वर्षं तो हेवीवेटमधल्या सगळ्यांशी लढत राहिला. दारं बंद असल्यामुळे तो, हॅरी विल्स, जो जॅनेट आणि सॅम मॅकव्हे ही चार माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांशीच लढली. लँगफर्ड आणि विल्स डझनाहून जास्त वेळा समोरासमोर आले. विल्सही डेम्प्सीच्या किताबासाठी वर्षानुवर्षं ताटकळला. करार झाले, लढत झाली नाही. विलर्डने १९१५ मध्ये जॉन्सनला हवानात हरवल्यापासून १९३७ मध्ये जो लुईस जिंकेपर्यंत, बावीस वर्षं एकही कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला नाही. लँगफर्डची दृष्टी गेली. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये एका खोलीत आंधळा आणि कफल्लक अवस्थेत सापडला; मग वाचकांनी वर्गणी काढली.

म्हणून तुमच्या यादीत डेम्प्सीच्या नावापुढे 'सात वर्षं जगज्जेता' असं येतं, तेव्हा त्या सात वर्षांत कुणाला रिंगणात येऊच दिलं नाही हे लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. नॅट फ्लीशरचं मला या एका बाबतीत कौतुक वाटतं. 'द रिंग' मासिकाच्या या संस्थापकाने आपल्या सार्वकालिक हेवीवेट दहांत लँगफर्डला घेतलं, कधीही जगज्जेता न झालेल्या माणसाला. बाकी फ्लीशरची यादीही आपल्या तरुणपणाच्या प्रेमात होती: जॉन्सन पहिला, जेफ्रीज दुसरा, फिट्झसिमन्स तिसरा, लुईस थेट सहावा. तुमच्यातल्या ज्यांचा माइक टायसन पहिला येतो, त्यांनी फ्लीशरला हसू नये.

चित्रफितीचा पुरावा दाखवणाऱ्यांसाठी थोडं. हाताने हँडल फिरवून घेतलेली जुनी फीत आजच्या वेगाने चालवली की माणसं टुणटुण उड्या मारताना दिसतात. तो वेग दुरुस्त न करता 'बघा किती अडाणी' म्हणणं म्हणजे अप्रामाणिकपणा. शिवाय जॉन्सनच्या विजयांनी हादरलेल्या अमेरिकी काँग्रेसने १९१२ मध्ये लढतींच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली आणि ती १९४० पर्यंत टिकली. आणि हॅरी ग्रेब, ज्याने टनीला त्याच्या कारकिर्दीतला एकमेव पराभव दिला, त्याच्या एकाही लढतीची फीत उपलब्ध नाही. सरावाची तेवढी आहे. व्हिडिओ पाहून यादी लावणाऱ्याच्या लेखी ग्रेब जन्मलाच नव्हता.

तुमच्या या उद्योगाचे पूर्वजही सांगून ठेवतो. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वॉरोनरने संगणकात आकडे भरून रेडिओवर सार्वकालिक हेवीवेट स्पर्धा लावली. त्यात जेफ्रीजने अलीला हरवलं, आणि अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला! तडजोडीत ठरलं की अली आणि मार्सियानो यांची 'लढत' चित्रित करायची. अली तेव्हा सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर होता. पंचेचाळिशीतला मार्सियानो वजन उतरवून, केसांचा टोप घालून आला. चित्रीकरण झालं, आणि प्रदर्शनाआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ ला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. संगणक एकच होता म्हणे.

वजनाचा मुद्दा नव्यांच्या बाजूचा आहे आणि तो मला मान्य आहे. १८९७ मध्ये कार्सन सिटीला कॉर्बेटच्या पोटात ठोसा मारून हेवीवेट किताब घेणारा फिट्झसिमन्स १६७ पौंडांचा होता. आज तो सुपर मिडलवेटमध्ये, १६८ च्या मर्यादेत बसेल. मार्सियानो आणि टोलेडोचा डेम्प्सी २०० पौंडांच्या आतले, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातले, क्रूझरवेट. त्यांना आजच्या काळातल्या धिप्पाड टायसन फ्युरीसमोर उभं करणं हा खेळ नव्हे. पण मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीहून चाळीसेक पौंड हलक्या असलेल्या उसिकने, जो मूळचा क्रूझरवेटच, त्याला गुणांवर हरवलं हेही विसरू नका. आणि जगज्जेतेपदाची किंमत मोजताना हे बघा: १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी तीन वजनगटांचे किताब होते, तेव्हा सगळे मिळून वजनगट आठ आणि प्रत्येकात साधारण एकच मान्य जगज्जेता. आज वजनगट सतरा आणि प्रमुख संघटना चार.

माझं स्वतःचं मत विचाराल तर लपवत नाही. क्वीन्सबेरी नियम, बारा फेऱ्या, दहा औंसांचे ग्लोव्ह्ज असतील तर सलिव्हन आणि जेफ्रीज उसिकपुढे टिकणार नाहीत. जॅक जॉन्सन टिकेल. ठोसे हवेत अडवण्याची आणि मिठीत घेऊन समोरच्याला दमवण्याची त्याची रीत आजही चालेल, फक्त रेफरी त्याला सारखा सोडवत राहील. ४५ फेऱ्यांचा करार आणि पाच औंसांचे ग्लोव्ह्ज असतील तर मी आजच्या कुणावरही पैसे लावणार नाही. आणि रिचबर्गच्या उन्हात, उघड्या मुठींनी, आपटायची मुभा असेल तर सलिव्हन.

तेव्हा पुढची यादी काढाल तेव्हा मथळ्याखाली एक ओळ छापा: फेऱ्या किती, ग्लोव्ह्ज किती औंसांचे, वजन कधी घेतलं, पाडल्यावर कोपऱ्यात जायचं की नाही. १९३७ पूर्वीच्या प्रत्येक हेवीवेट जगज्जेत्यासमोर, त्याने कुणाला टाळलं ती नावं लिहा. जॅक्सन, लँगफर्ड आणि विल्स यांना 'उल्लेखनीय' नावाच्या अडगळीत टाकू नका, क्रमांक द्या. कितवा द्यायचा यावर भांडायला मी तयार आहे. माझ्या यादीत लँगफर्ड डेम्प्सीच्या वर आहे.

कळावे.

आपला,
तुमच्या याद्यांचा एक नियमित वाचक